म्हैस कुठनं चढते ते विचारा: कोल्हापुरात नव्याने आलेल्यांनी सायकलच्या डोंगरवाटा कशा शोधाव्यात

सिंगापूरला चार वर्षं काढली, तेव्हा वाट शोधणं हा प्रकारच नव्हता. शनिवारी सकाळी चांगी पॉइंटच्या धक्क्यावर जायचं, लाकडी बोटीत सायकल टाकायची आणि पुलाउ उबिन बेटावर उतरायचं. तिथे केटमच्या बंद पडलेल्या दगडखाणीभोवती डोंगरी सायकलींसाठी मुद्दाम वाटा केलेल्या आहेत. फाट्याफाट्याला पाटी. निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळी चौकट म्हणजे अवघड, दोन काळ्या चौकटी म्हणजे घरी सांगून या. त्या देशातली उंचात उंच टेकडी १६३ मीटरची, बुकित तिमाह. तिलाही सायकलची आखलेली वाट आहे.

मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली आणि सायकल खोक्यात घालून कोल्हापूरला आले. पहिल्याच रविवारी उत्साहाने जोतिबाचा रस्ता धरला. रविवार हा जोतिबाचा वार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जीपा, वडाप, दुचाकीवर तिघे, गुलाल. घाट चढून वर गेले आणि त्याच रस्त्याने खाली आले. महिनाभर असेच डांबरावरचे घाट चढले आणि इथे ट्रेल नाहीत म्हणून कुरकुर केली.

ट्रेल होते. फक्त एकही सायकलसाठी केलेला नव्हता. इथली प्रत्येक वाट कुणाच्या तरी कामाची आहे: ऊस काढायची, दूध खाली आणायची, जळण आणायची, देवाला जायची. ती कशासाठी पडली हे कळलं की तिचा चढ, तिचा दगड आणि ती कुठे संपणार याचा अंदाज येतो. मला हे कळायला वर्ष लागलं. तुम्हाला दोन महिने पुरावेत.

आधी पाऊस आणि दगड

सायकल बाहेर काढायच्या आधी पावसाचं गणित समजून घ्या. कोल्हापूर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कोरडा होत जातो. शहरापासून ५५ किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे त्याचा साधारण दहावा हिस्सा. शहर मधे आहे. म्हणजे जुलैच्या एकाच रविवारी पश्चिमेला वाट ओढा झालेली असते आणि पूर्वेला हातकणंगल्याच्या माळावर चाकाला चिखलही लागत नाही. इथे दहा वर्षं सायकल चालवणारी माणसंही पावसाळ्यात सवयीने पन्हाळ्याकडेच निघतात आणि चेन तोडून परत येतात.

दुसरी गोष्ट पायाखालची. ओळखायला शिकायचे असे चार प्रकार इथे आहेत.

नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात सिमेंटसारखी, पावसात डिंकासारखी. चाक आणि फ्रेम यांच्यामधली जागा भरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तीही दुप्पट वजनाची. मोठा पाऊस झाला की तीन-चार दिवस काळ्या मातीकडे फिरकू नका.

मुरूम हा आपला मित्र. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या टेकड्यांवर तो भरपूर आहे. पाणी धरत नाही, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी चालवता येतो. फक्त उन्हाळ्यात वरचा थर सुटा होतो आणि वळणावर पुढचं चाक ज्वारीवरून घसरल्यासारखं जातं.

जांभा म्हणजे पश्चिमेच्या पठारांचा टोपीसारखा लाल दगड. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवर लाखो वर्षांच्या उन्हापावसाने तो तयार झाला. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड कशालाच नाही. पण त्याला भोकं आणि धारदार कडा असतात. टायर तळातून नाही, बाजूने फाटतो. आणि पावसाळ्यात त्यावर काळसर शेवाळ धरतं. ओल्या जांभ्यावर ब्रेक दाबणं म्हणजे साबणावर उभं राहून नमस्कार करणं.

चौथा, उघडा काळा कातळ. तो पठाराच्या कडेला आणि ओढ्यांत भेटतो, पायऱ्यापायऱ्यांचा. तिथे उतरून चालायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

नकाशा: एक संध्याकाळ पुरते

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य उतरवता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पन्हाळा आणि मसाई पठाराचा भाग ४७ एल/१ या पत्रकात येतो. या नकाशांवर डांबरी रस्त्यांचं फारसं ऐकू नका, ते जुने असतात. पाहायचं ते लाल तुटक रेघांकडे, म्हणजे गाडीवाटांकडे, आणि लाल ठिपक्यांकडे, म्हणजे पायवाटांकडे. गाडीवाटा बैलगाडीसाठी पडल्या, त्यामुळे त्यांचा चढ बेताचा असतो. आज त्यातल्या निम्म्या डांबराखाली गेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या तुमच्या.

आता समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. या नकाशावर दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. वाटेच्या १ सेंटिमीटरमध्ये दोन रेषा ओलांडल्या तर ४० मीटर चढ, म्हणजे ८ टक्के: दम लागेल, पण चालवता येईल. तीन रेषा म्हणजे १२ टक्के. सुट्या दगडांवर माझ्यासारखीला हा शेवटचा आकडा. पाच रेषा म्हणजे २० टक्के, आणि ती वाट सायकल ढकलायची आहे, दोन्ही बाजूंनी. तासाभरात दहा वाटांतल्या सात बाद होतात, आणि तेच हवं असतं.

उरलेल्या तीन उपग्रहाच्या चित्रावर बघा. एप्रिल-मे महिन्यांतलं चित्र मिळालं तर उत्तम. गवत वाळलेलं असतं आणि वाट पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसते. ऑक्टोबरच्या चित्रावर सगळं हिरवं असतं, काही कळत नाही. दोरा रुंद आणि पांढरा असेल तर रोज वापर आहे. मधेच पुसट होत असेल तर तिथून पुढे फक्त शेळ्या जातात. मग स्ट्रावा या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून फिरलेत त्याचा नकाशा, सायकलीपुरता गाळून बघा, ओएसएमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये जिल्ह्याचा नकाशा फोनवर उतरवून ठेवा. पठारावर आणि खोऱ्यात रेंज जाते, तेव्हा आधी उतरवलेलाच नकाशा कामाला येतो. आणि वाट कुणाच्या रानातून जात असेल अशी शंका आली तर राज्य सरकारच्या महाभूनकाशावर गटाच्या हद्दी दिसतात. पाणंद असेल तर ती दोन गटांच्या मधून पट्टीसारखी जाते.

पाणंदीपासून सुरुवात करा

पाणंद हा शब्द पुण्या-मुंबईच्या मित्रांना समजावून सांगावा लागतो. दोन्ही बाजूंना रानं आणि मधून शेताला जाणारी सामाईक वाट. शहराच्या चारी बाजूंना पाणंदींचं जाळं आहे आणि पहिला महिना तेवढ्यावरच काढावा असं माझं मत आहे. डोंगर पळून जात नाही.

पाणंदीत चढ नसतो, पण बाकी सगळं शिकायला मिळतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या फूटभर खोल असतात. चाकोरीत शिरलात तर ती सोडेल तिथेच बाहेर पडायचं, मधे हँडल वळवलं की आडवं. मधल्या उंचवट्यावरून चालवायला शिका, सिंगल ट्रॅकचा, म्हणजे एका सायकलपुरत्या अरुंद वाटेचा, तोल तिथेच येतो. ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पाणंदीत भरलेली ट्रॉली समोर आली तर बाजूला व्हायचं ते तुम्हीच. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर थांबला की पुन्हा निघताना चाकं जागेवर फिरतात आणि त्या ड्रायव्हरचा दिवस वाया जातो. सायकल उसात घालून उभं राहा, हात करा. पुढच्या वेळी तोच ड्रायव्हर कुठली पाणंद पुढे बंद आहे ते सांगतो.

नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, हे इथल्या राइडचं खास सुख. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पाणी वाढलं की बंधारा बुडतो. पेपरात रोज ‘इतके बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी असते, ती आपल्यासाठीच आहे असं समजा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. कोल्हापूरकर हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात. माझा नियम असा की पातळी ३० फुटांच्या पुढे गेली की नदीकाठ सोडायचा. पाणी ओसरल्यावरही आठवडाभर बंधाऱ्यावर गाळाचा बोटभर थर असतो, तो वाळेपर्यंत सायकल हातात धरून चालत जा.

आता विचारायचं कसं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नकाशात राहणाऱ्या माणसांना सगळ्यात अवघड जाणारा.

वाट विचारायची योग्य जागा म्हणजे गावातली दूध संस्था आणि योग्य वेळ सकाळी सहा ते सात. आजूबाजूच्या वाड्यांतून, धनगरवाड्यांतून रोज वरून खाली येणारी माणसं त्या वेळी किटल्या घेऊन तिथे रांगेत असतात. हॉटेलात विचारलं तर रस्ता सांगतात, दूध संस्थेत विचारलं तर वाट.

पण प्रश्न नीट हवा. मसाई पठाराच्या पायथ्याच्या एका गावात मी पहिल्यांदा विचारलं, “मामा, वर पठारावर वाट जाते का?”

“जातीय की!”

गेली खरी. करवंदीच्या जाळीतून, दगडांच्या पायऱ्यांवरून, सरळ आकाशात. दीड तास सायकल खांद्यावर. वर पोचले तेव्हा हाताला इतके ओरखडे होते की सोमवारी कामावर सुपरवायझरने काळजीने चौकशी केली. ती बायकांची जळणाची वाट होती. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई लांबचा वळसा घेत नाही, सरळ उतरते. मामांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं ते त्यांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी तीच दूध संस्था, तेच मामा. या वेळी विचारलं, “मामा, म्हसरं कुठनं चढवतासा?”

त्यांनी किटली खाली ठेवली. सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “म्हसरं व्हय? मग हिकडनं न्हाय. त्या उंबराच्या खालनं जावा, वढा वलांडला की डाव्या हाताला वाट हाय. म्हस काय सरळ चढत न्हाय, बाई. वळणं घेत चढती. गाभण म्हस चढती त्या वाटेनं तुमची सायकल बी चढल.”

चढली. एका ठिकाणी उतरावं लागलं, बाकी सगळी सायकलवरून. वीस वळणांची, हातभर रुंद, लाल मातीची वाट. सिंगापूरला असती तर तिला पाटी असती आणि आरंभाला सायकल धुवायचा नळ.

तेव्हापासून माझे ठरलेले प्रश्न आहेत. म्हशी कुठून चढतात? बुलेट कुठपर्यंत जाते? पहिला पाऊस पडल्यावर ही वाट किती दिवस बंद होते? वर पाणी कुठे आहे? आणि शेवटचा, हमखास विसरला जाणारा: वर कुत्री किती आहेत आणि कुणाची? मेंढरांच्या तळावरची कुत्री ही कामावरची कुत्री असतात. लांबून हाक मारायची, सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरून चालायचं. माणूस बाहेर आला की दोन शब्दांत सगळं शांत होतं.

“जवळच आहे” हे उत्तर मात्र मोजू नका. रोज चालणाऱ्या माणसाचं जवळ आणि आपलं जवळ यांत एक डोंगर असतो.

एकट्या बाईने फिरण्याबद्दल मला खूप विचारतात, म्हणून सांगते. गावात गेल्यावर आधी बायकांशी बोला. नळावर, दूध संस्थेत, ओट्यावर. कुठे निघालीस, घरी कोण असतं, सायकल कितीची, एवढी चौकशी होईल. तिसऱ्या प्रश्नाला किंमत निम्मी सांगा. पण एकदा बोलणं झालं की गावाला तुम्ही वर गेल्याचं माहीत असतं आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाहीत तर कुणीतरी विचारतं. ही व्यवस्था कुठल्याच ॲपमध्ये नाही. दोन गावांत मला फोन नंबर मागून घेतले गेले आणि आता पावसाआधी वाटेची खबर मीच त्यांना विचारते.

न पाहिलेली वाट आधी चढा, मग उतरा

हा नियम मी एका संध्याकाळी शिकले. कुणीतरी ॲपवर चढवलेली वाटेची एक रेघ फोनवर उतरवून घेतली होती. पठाराच्या पश्चिम कडेवरून खाली गावात, नुसता उतार, तीन किलोमीटर. डांबरी रस्त्याने वर गेले आणि साडेचारला त्या रेघेवर खाली सुटले. पहिला किलोमीटर स्वप्नासारखा. मग वाट एका घळीत शिरली, घळ अरुंद झाली आणि पुढे दोन पुरुष उंचीचा कातळ. रेघ मात्र ऐटीत खाली जात होती. ती ट्रेकवाल्यांनी दोर लावून उतरताना केलेली नोंद होती. परत वर यायला दोन तास लागले, शेवटचा पाऊण तास फोनच्या उजेडात, आणि वर आले तेव्हा फोन ४ टक्क्यांवर होता.

त्यामुळे आता असं करते. वर जायला माहितीचा रस्ता असला तरी नवी वाट पहिल्यांदा खालून चढते, अगदी ढकलत का होईना. ढकलताना दगड दिसतो, तार दिसते, वळणापलीकडची विहीर दिसते. उतरताना यातलं काही दिसलं तरी उपयोग नसतो. परतायची वेळ घरून निघतानाच ठरवते, आणि ती झाली की वाट कितीही गोड असली तरी मागे फिरते. सोबतीला हेडलाइट, भर दुपारी निघाले तरी.

तारेबद्दल वेगळं सांगायला हवं. रानडुकरं आणि गवे पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती झटका मशीनची तार लावतात. बारीक, गुडघ्याच्या उंचीची, संध्याकाळच्या उजेडात न दिसणारी. मागच्या आठवड्यात मोकळी असलेली वाट या आठवड्यात तारेने बंद असू शकते. पीक उभं असताना रानाच्या कडेने जाताना वेग कमी.

कुठल्या महिन्यात कुठल्या दिशेला

जून ते सप्टेंबर पूर्व. आळत्याजवळचा रामलिंग-धुळोबाचा डोंगर, कुंभोजच्या बाहुबलीच्या आजूबाजूच्या टेकड्या. मुरूम, मध्यम चढ, झाडी बऱ्यापैकी. दोन्हीकडे देवस्थानं आहेत. पायऱ्यांवर आणि आवारात सायकल नको, डोंगराच्या अंगावरच्या गुरांच्या वाटा भरपूर आहेत. शहरातून निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर कात्यायनीचा डोंगर आहे. कामाच्या दिवशी पहाटे दीड-दोन तासांत उरकण्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही, पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी. नंदवाळ त्याच पट्ट्यात. आषाढी एकादशीला तिथे दिंड्या जातात, त्या दिवशी तो भाग वारकऱ्यांचा.

सप्टेंबर संपत आला की मन पठाराकडे धावतं, कारण मसाईवर फुलं असतात. जा, पण जीपच्या चाकोरीवरूनच. जांभ्यावर माती बोटभर असते आणि त्यातच सीतेची आसवं, सोनकी, तेरडा उभे असतात. चाकाची एक खूण तिथे पुढच्या पावसापर्यंत दिसते. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे; जायच्या आधी वनखात्याच्या लोकांना सायकलबद्दल विचारून घ्या आणि नाही म्हणाले तर नाही. शिवाय या दिवसांत गवत चाकाएवढं उंच असतं आणि त्याखालचा दगड कुणालाच दिसत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम. खरा हंगाम हाच. जोतिबाच्या डोंगराचं अंग, कुशिरे-पोहाळ्याकडची बाजू, जोतिबा आणि पन्हाळा यांच्या मधला गिरोली-दाणेवाडीचा भाग. शहर साधारण ५५० मीटरवर आणि पन्हाळा ९७५ मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वाचारशे मीटर चढ कमवायचा आणि तो कुठल्या वाटेने खर्च करायचा हे ठरवायचं, एवढाच हिशोब. पन्हाळगडावर मात्र सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवा. तटबंदी, बुरूज, राजदिंडीची वाट हे संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून गड जागतिक वारसा यादीतही आहे.

पन्हाळ्यापासून म्हाळुंगे, मसाई, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी करत पांढरपाणी आणि पावनखिंडीकडे जाणारी वाट, १६६० च्या जुलैमध्ये महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले ती, इथल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या मनात असते. एका दिवसात सगळी करायच्या फंदात पडू नका. वाडीवाडीच्या मधला एकेक तुकडा हिवाळ्यात वेगळा करा. काही तुकडे सुंदर चालतात, काही निव्वळ ढकलगाडी आहेत. जुलैत ती वाट पदभ्रमंतीच्या मोहिमांची असते आणि गुडघाभर चिखलाची.

मार्च ते मे पहाटे साडेपाचला निघून नऊपर्यंत परत. दुपारनंतर वळीव. ढग दाटले की पठार सोडा, कारण वीज पडते आणि त्या सपाट माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता. याच दिवसांत वणवे लागतात. वणव्यानंतर गावकरी आणि वनरक्षक दोघेही परक्या माणसाकडे संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. चहासाठीही स्टोव्ह पेटवू नका.

जिथे जायचं नाही

राधानगरी अभयारण्य सायकलच्या वाटा शोधायची जागा नाही. दाजीपूरचा हा भाग १९५८ मध्ये राखीव झाला तो गव्यांसाठी, आणि आत जायचं तर वनखात्याच्या परवानगीने, ते सांगतील त्या साधनाने. चांदोलीचंही तेच, तो व्याघ्र प्रकल्प आहे. आजरा-चंदगडच्या बाजूला रानटी हत्ती वावरतात. तिकडे जायचं तर आदल्या दिवशी गावात विचारून. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बॉक्साइट आहे, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात खाणींचे लाल रस्ते फार मोहक दिसतात. चालू खाणीत घुसायचं नाही, डंपरवाल्याला सायकल दिसत नाही.

गवा मात्र अभयारण्याची हद्द वाचत नाही. पन्हाळ्याच्या आसपास, अगदी उसातही भेटतो. एकटा नर असेल तर जास्त जपून. थांबा, बोलू नका, फोन काढू नका, त्याला वाट सोडून मागे सरका. तो निघून गेल्यावर दहा मिनिटं मोजा आणि मगच पुढे जा. वन्यप्राण्याची अडचण असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन, अपघात किंवा सर्पदंश असेल तर १०८. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चालू नका; हातपाय स्थिर ठेवून सरकारी रुग्णालय गाठा. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

सामानाचं थोडक्यात. ट्यूबलेस करून घ्या, कारण बाभूळ आणि सराटे. ट्यूबमध्ये तुम्ही राइड करणार नाही, पंक्चर काढणार. टायर २.२५ ते २.३५ इंची, बाजू जाड असलेले, हवा माझ्या ५८ किलो वजनाला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, इथल्या उन्हात तीन-चार महिन्यांत वाळतं, कॅलेंडरवर लिहून ठेवा. फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, पश्चिमेला पावसाळ्यात गेलात तर. दोन लिटर पाणी.

आणि वही. फोनमधली रेघ वाट कुठे आहे ते सांगते, कशी आहे ते नाही. माझ्या वहीतलं एक पान तसंच देते, गावाचं नाव गाळून, कारण तिथल्या लोकांना विचारलेलं नाही:

“१४ डिसें. उंबराची वाट. चढ ५० मि., उतार १७. ओढ्यानंतर तिसऱ्या वळणावर सुटा दगड, डावीकडून. सातव्या वळणाला फाटक, काटेरी. जसं होतं तसं लावणे. वर टाक्यात पाणी आहे, फेब्रु. मध्ये बघणे. रेंज फक्त देवळापाशी. काळा कुत्रा, नाव वाघ्या, नावाने हाक मारली की गप. मामांच्या म्हशीला रेडी झाली. पुढच्या वेळी खरवस आहे.”